घडी पडते म्हणून जनुक ठरत नाही: नॉन-कोडिंग आरएनएचा संगणकीय शोध

एखाद्या जीवाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतील सगळा मजकूर, वाचून झाला की त्यातील प्रथिनांची जनुके शोधण्याचे काम तुलनेने सोपे असते, कारण ही जनुके ठळक खुणा बाळगून असतात. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. एकूण ६४ गटांपैकी तीन गटांचा अर्थ 'येथे थांबा' असा असतो. अक्षरे निव्वळ योगायोगाने मांडलेली असतील, तर सरासरीने दर एकवीस-बावीस गटांनंतर असा थांबा यायला हवा. त्यामुळे सलग तीनशे गट थांब्याविना गेले, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असते आणि तेथे प्रथिनाचे जनुक आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. जिवाणूंच्या जीनोममध्ये संगणक हे काम जवळजवळ निर्धोकपणे करतो. मानवी जनुके मध्येमध्ये तुटलेली असल्यामुळे तेथे ते अवघड जाते, पण तत्त्व तेच राहते.

परंतु जीनोममधून तयार होणारा प्रत्येक आरएनए, म्हणजे डीएनएच्या एखाद्या तुकड्याची रेणूरूप प्रत, हा प्रथिनासाठी नेला जाणारा निरोप नसतो. काही आरएनए स्वतःच काम करतात. अमिनो आम्ले वाहून आणणारे ट्रान्सफर आरएनए आणि प्रथिने जोडणाऱ्या रायबोझोमचा गाभा असलेले रायबोझोमल आरएनए ही त्यांची सर्वांत जुनी उदाहरणे आहेत. अवघ्या बावीसएक अक्षरांचे मायक्रोआरएनए इतर जनुकांचे काम रोखून धरतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्यांचा पहिला नमुना वर्णिला आणि त्यासाठी त्यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा सर्व रेणूंना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. मानवी जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि त्यातील जेमतेम एक ते दोन टक्के भाग प्रथिनांचा मजकूर बाळगतो. उरलेल्या भागात असे किती आरएनए आहेत, हा प्रश्न जीनोम वाचून झाल्यावरही शिल्लक राहिला, कारण नॉन-कोडिंग आरएनएच्या जनुकात थांब्याची खूण नसते, तीन-तीन अक्षरांची लय नसते आणि पुष्कळदा लांबीही इतकी तोकडी असते की केवळ अक्षरांचा क्रम पाहून ते ओळखू येत नाही.

मग काय पाहायचे? या प्रश्नाचे पहिले स्वाभाविक उत्तर 'घडी' असे होते.

आरएनए हा एकेरी धागा असतो. त्याची अक्षरे चार: ए, यू, जी आणि सी. यांपैकी जी आणि सी, तसेच ए आणि यू एकमेकांशी जोडी जमवतात, आणि जी व यू यांची थोडी सैल जोडीही निसर्गाला चालते. त्यामुळे धाग्याचा एक तुकडा त्याच धाग्यावरच्या दुसऱ्या, उलट दिशेने जुळणाऱ्या तुकड्यावर दुमडतो. त्यातून जोड्यांचा दांडा आणि त्याच्या टोकाशी मोकळ्या अक्षरांचा वळसा तयार होतो. अशा दांड्यांच्या आणि वळशांच्या नकाशाला आरएनएची दुय्यम रचना म्हणतात. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधील एका ट्रान्सफर आरएनएच्या ७७ अक्षरांचा क्रम लावला, तेव्हा तो तीन पाकळ्या आणि एक देठ असलेल्या आकारात नीट बसतो हे दिसून आले. पुढे इतर ट्रान्सफर आरएनएही त्याच आकारात बसले. त्यांची अक्षरे एकमेकांपासून कितीही वेगळी असली, तरी घडी बहुतांशी तीच होती. प्रथिनांत अक्षरांचा क्रम टिकून राहतो, तर अशा आरएनएंमध्ये क्रम ढळतो आणि रचना टिकते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातूनच निघते.

दिलेल्या क्रमाची घडी कशी पडेल, हे संगणकाने सांगायचे तर सर्व शक्य घड्या तपासून पाहणे हा मार्ग बाद होतो. लांबी एका अक्षराने वाढली की शक्य रचनांची संख्या साधारणतः १.८ पट होते, म्हणजे शंभर अक्षरांच्या छोट्याशा आरएनएसाठीही ती एकावर पंचवीस शून्यांच्या पलीकडे जाते. ही अडचण रूथ नुसिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये फार सुंदर रीतीने सोडवली. त्यांच्या युक्तीचा आधार असा की, जोड्या एकमेकींना छेदत नाहीत असे गृहीत धरले, तर धाग्यावरची दोन अक्षरे जोडली गेल्यावर त्यांच्या आतला भाग आणि बाहेरचा भाग हे दोन स्वतंत्र प्रश्न होतात. आतल्या अक्षराला बाहेरचा जोडीदार मिळूच शकत नाही. त्यामुळे आधी सर्वांत छोट्या तुकड्यांची उत्तम घडी काढून ती तक्त्यात लिहून ठेवायची, मग त्याहून मोठ्या तुकड्यांसाठी तीच उत्तरे वापरायची आणि असे करत पूर्ण लांबीपर्यंत पोचायचे. शंभर अक्षरांच्या धाग्यात असे तुकडे केवळ पाच हजारांच्या आसपास असतात. लांबी दुप्पट झाली की वेळ साधारण आठपट होतो. ही वाढ कमी नाही, पण संगणकाच्या आवाक्यातली आहे.

नुसिनोव्ह यांची पद्धत जास्तीत जास्त जोड्या जुळवू पाहत होती. प्रत्यक्षात मात्र आरएनए जोड्या मोजत बसत नाही, तो कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीकडे जातो. एका जोडीवर दुसरी जोडी रचली गेली की स्थैर्य वाढते, आणि हा लाभ कोणत्या जोडीवर कोणती जोडी आहे यावर ठरतो: जी-सी जोड्यांच्या थरातून तीन किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास, तर ए-यू जोड्यांच्या थरातून जेमतेम एक. उलट मोकळा वळसा महाग पडतो. चार अक्षरांचा वळसा घ्यायचा तर साडेपाच किलोकॅलरींच्या जवळपास किंमत आधीच मोजावी लागते, म्हणजे दांड्याला निदान दोन-तीन मजबूत थर रचल्यावरच घडी परवडते. हे आकडे वितळण्याच्या प्रयोगांतून चिकाटीने मोजले गेले आणि त्यात रॉचेस्टर विद्यापीठातील डग्लस टर्नर यांच्या गटाचे काम मोठे आहे. मायकेल झुकर आणि पॅट्रिक स्टीग्लर यांनी १९८१ मध्ये हे ऊर्जेचे हिशेब तक्त्याच्या पद्धतीत बसवले. १९९० मध्ये जॉन मॅककॅस्किल यांनी त्यापुढे जाऊन एकाच उत्तम घडीऐवजी सर्व घड्यांची संभाव्यता एकत्रितपणे मोजण्याची रीत दिली, आणि व्हिएन्ना येथील गटाने १९९४ मध्ये या साऱ्याचे जे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले, ते आजही प्रयोगशाळांत रोज वापरले जाते.

या पद्धतींची अचूकता तटस्थपणे सांगायला हवी. सातशे अक्षरांपर्यंतच्या आरएनएंमध्ये ज्ञात जोड्यांपैकी सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास जोड्या ऊर्जेच्या हिशेबाने बरोबर येतात. लांबी वाढली की हे प्रमाण घसरते. एखाद्या ज्ञात आरएनएची कच्ची रूपरेषा म्हणून एवढे पुष्कळ आहे. पण येथे प्रश्न वेगळा होता. तो म्हणजे, घडीच्या स्थैर्यावरून एखादा अनोळखी तुकडा कार्यकारी आरएनए आहे की नाही, हे ठरवता येईल का?

कल्पना मोहक होती. ज्या आरएनएचे काम त्याच्या घडीवर अवलंबून आहे, त्याची घडी कोणत्याही यादृच्छिक क्रमाच्या घडीपेक्षा अधिक स्थिर असली पाहिजे, कारण नैसर्गिक निवडीने तिला तसे घडवले असणार. मग जीनोमवर खिडकी सरकवत जावे, प्रत्येक खिडकीतील क्रमाची किमान ऊर्जा काढावी, आणि तीच अक्षरे इकडची तिकडे करून बनवलेल्या शेकडो क्रमांच्या ऊर्जेशी तिची तुलना करावी. जी खिडकी लक्षणीयरीत्या खाली जाईल, तेथे जनुक. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही संशोधक या दिशेने आशादायक निष्कर्ष मांडत होते. एलेना रिव्हास आणि शॉन एडी यांनीही याच तत्त्वावर जनुकशोधक बनवायला घेतला आणि सुरुवातीचे निकाल उत्तेजन देणारे आले. मात्र काही विसंगती दिसल्याने त्यांनी काटेकोर नियंत्रित चाचण्या केल्या, आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष त्यांच्याच मूळ कल्पनेवर पाणी फिरवणारा निघाला. पद्धतीला जे काही दिसत होते, ते मुख्यतः घडीमुळे नव्हते, तर त्या ठिकाणी जी आणि सी अक्षरांचे प्रमाण आजूबाजूपेक्षा जास्त असल्यामुळे होते. बहुतेक नॉन-कोडिंग आरएनएंची घडी यादृच्छिक क्रमाच्या घडीहून इतकी वेगळी नसते, की तेवढ्यावरून जनुक शोधता यावे. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत उपयुक्त लेख हाच आहे, आणि तो नकारात्मक निष्कर्षाचा आहे.

याचे कारण समजून घेणे अवघड नाही. चारच अक्षरे आणि जोडीचे इतके सैल नियम असल्यावर जवळजवळ कोणताही क्रम कोठे ना कोठे दुमडतोच. यादृच्छिक आरएनए सरळ ताठ उभा राहत नाही, त्यालाही दांडे आणि वळसे असतात, आणि संगणकाच्या पडद्यावर ते खऱ्या आरएनएइतकेच देखणे दिसतात. तुलनेसाठी अक्षरे नुसती इकडची तिकडे करणेही फसवे ठरते. ऊर्जा थरांवर ठरते आणि थर शेजारी-शेजारी असलेल्या दोन अक्षरांचे बनतात, त्यामुळे तुलनेच्या क्रमात एकेका अक्षराचेच नव्हे, तर शेजारच्या जोडअक्षरांचे प्रमाणही तेच राखावे लागते. १९९९ मध्ये वर्कमन आणि क्रोग यांनी ही काळजी घेतल्यावर प्रथिनांचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएंची विशेष स्थिर मानली गेलेली घडी यादृच्छिक क्रमांपेक्षा वेगळी उरली नाही. अपवाद मात्र आहेत. मायक्रोआरएनएचा पूर्वरूप रेणू हा साधारण सत्तर अक्षरांचा एकच लांब दांडा असतो आणि तो खरोखरच यादृच्छिक क्रमांहून ठळकपणे स्थिर असतो, म्हणून त्याच्या शोधात ऊर्जेचा निकष पुष्कळ कामी येतो.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. जी-सी प्रमाणाचा जो परिणाम रिव्हास आणि एडी यांच्या पद्धतीला नडला होता, तोच इतरत्र वरदान ठरला. उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानात राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांच्या जीनोममध्ये ए आणि टी (डीएनएमध्ये यू च्या जागी टी असतो) अक्षरांची रेलचेल असते, पण अशा उष्णतेत आरएनएची घडी टिकायची तर तिला जी-सी जोड्याच हव्यात. त्यामुळे तेथे घडीचा कोणताही हिशेब न करता, केवळ जी-सी भरपूर असलेली बेटे शोधून २००२ मध्ये एडी यांच्याच गटाने नवे नॉन-कोडिंग आरएनए हुडकले.

सर्वसाधारण जीनोमसाठी मात्र दुसरा पुरावा हवा होता, आणि तो उत्क्रांतीकडे होता. समजा, एखाद्या आरएनएच्या दांड्यात एका जागी जी आणि तिच्यासमोर सी आहे. लाखो वर्षांत कधीतरी जी च्या जागी ए आला, तर जोडी तुटते आणि दांडा कमकुवत होतो. पुढे समोरच्या सी चा यू झाला, तर जोडी पुन्हा जमते. सदऱ्याचे बटण मोठे केले की काजही मोठे करावे लागते, तसे हे आहे: दोन्ही गोष्टी बदलतात, पण एकमेकींना धरून. अनेक प्रजातींतील तोच आरएनए एकाखाली एक मांडला आणि दूर अंतरावरची दोन स्थाने अशी जोडीने बदलत आलेली दिसली, तर ती स्थाने घडीत समोरासमोर आहेत आणि ती घडी राखण्यात त्या जीवांचे काही हित आहे, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. ऊर्जेचा हिशेब एवढेच सांगतो की घडी पडू शकते. जोडीने झालेले बदल हे सांगतात की ती घडी मोडली तेव्हा निसर्गाने ती पुन्हा जुळवून घेतली.

या पुराव्याचा कस रायबोझोमवर लागला. कार्ल वुस, हॅरी नोलर, रॉबिन गटेल आणि इतरांनी अनेक वर्षे हजारो प्रजातींचे रायबोझोमल आरएनए शेजारी-शेजारी ठेवून केवळ जोडीने होणाऱ्या बदलांवरून त्यांच्या घडीचे नकाशे काढले होते. २००० साली रायबोझोमच्या अणुपातळीवरच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा या नकाशांतील सुमारे ९७ ते ९८ टक्के जोड्या प्रत्यक्षात तशाच निघाल्या. दीड ते तीन हजार अक्षरांच्या या रेणूंत ऊर्जेचा एकट्याचा हिशेब याच्या जवळपासही पोचत नाही.

रिव्हास आणि एडी यांनी २००१ मध्ये हाच धागा पकडून क्यूआरएनए नावाचा प्रोग्रॅम बनवला. दोन नात्यातल्या जीवांचे जुळणारे तुकडे घेऊन तो तीन शक्यता तोलून पाहतो. बदल मुख्यतः दर तिसऱ्या अक्षरात असतील, तर तुकडा प्रथिनाचा असावा, कारण तिसरे अक्षर बदलले तरी अमिनो आम्ल पुष्कळदा तेच राहते. बदल घडीतील जोड्या सांभाळून झाले असतील, तर तो कार्यकारी आरएनए असावा. दोन्ही नसेल, तर तो यांपैकी काहीच नव्हे. ई. कोलाय या जिवाणूच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या जीनोममधील प्रथिनांच्या मधल्या जागा या प्रोग्रॅमने चाळल्या आणि २७५ उमेदवार पुढे केले. त्यांतील ४९ जागा प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या आणि निदान ११ ठिकाणी खरोखर छोटे आरएनए तयार होताना आढळले. त्याच वर्षी इतर गटांनीही तौलनिक जीनोम आणि प्रयोग यांची सांगड घालून ई. कोलायमध्ये अनेक नवे छोटे आरएनए शोधले. ज्या जीवाचा पेशीशास्त्रात सर्वाधिक अभ्यास झाला होता, त्याच्यातही एवढे रेणू नजरेआड राहिले होते.

पैकीच्या पैकी उमेदवार खरे का ठरले नाहीत, याची कारणे दोन्ही बाजूंची आहेत. काही आरएनए विशिष्ट परिस्थितीतच तयार होतात आणि प्रयोगाच्या वेळी ते मूक असू शकतात. दुसरीकडे, जीनोममध्ये अशाही घड्या असतात ज्या स्वतंत्र जनुके नाहीत. जिवाणूंमध्ये आरएनए लिहिण्याचे काम थांबवणारी खूण हाच एक छोटा दांडा असतो आणि तोही उत्क्रांतीत टिकतो. पद्धतीने घडी बरोबर ओळखलेली असते, पण जनुक सापडलेले नसते.

मानवी जीनोमकडे वळल्यावर आकड्यांचा खरा जाच सुरू होतो. १२० अक्षरांची खिडकी ४० अक्षरांनी सरकवत गेलो, तर डीएनएचे दोन्ही धागे मिळून सुमारे पंधरा कोटी खिडक्या होतात. त्यातील केवळ एक टक्का खिडक्या चुकून पसंत पडल्या, तरी पंधरा लाख खोटे उमेदवार हाती येतात आणि खरे त्यांच्यात बुडून जातात. त्यात भर म्हणजे जीनोमचा सुमारे दहावा भाग आलू नावाच्या पुनरावृत्तीने व्यापला आहे. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत आणि तिचा उगम सेव्हन-एस-एल या खऱ्याखुऱ्या घडीबंद आरएनएपासून झाला आहे. म्हणून अशा चाळणीत आधी पुनरावृत्त्या झाकाव्या लागतात आणि शोध अनेक प्राण्यांत टिकून राहिलेल्या भागांपुरता मर्यादित ठेवावा लागतो. २००५ मध्ये वॉशिएटल, होफाकर, श्टाडलर आणि सहकाऱ्यांनी आरएनएझेड या प्रोग्रॅमने असे भाग चाळले. तो प्रोग्रॅम घडीचे स्थैर्य आणि सर्व प्रजातींत एकच घडी किती चांगली बसते, हे दोन निकष एकत्र तोलतो. त्यांना तीस हजारांहून अधिक उमेदवार मिळाले, पैकी जवळपास हजार सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत समान होते. पुढच्याच वर्षी इव्होफोल्ड या वेगळ्या पद्धतीने आठ पृष्ठवंशीय जीनोम तोलून ४८,४७९ उमेदवार दिले.

या दोन्ही आकड्यांनी वृत्तपत्री उत्साह निर्माण होऊ शकतो, पण ते एकत्र ठेवून पाहणे अधिक शिकवणारे आहे. २००७ मध्ये मानवी जीनोमच्या निवडक एक टक्का भागावर दोन्ही पद्धती चालवल्या गेल्या. काही हजार उमेदवारांपैकी अवघे २४८ दोघींनाही मान्य झाले. इव्होफोल्डचा कल ए-यू जास्त असलेल्या, फार टिकून राहिलेल्या भागांकडे होता, आरएनएझेडचा जी-सी थोडे अधिक असलेल्या भागांकडे, आणि उमेदवारांपैकी ५० ते ७० टक्के चुकीचे असावेत असा अंदाज संशोधकांनी स्वतःच नोंदवला. अशा यादीतला कोणताही एक उमेदवार उचलून 'नवा आरएनए सापडला' असे म्हणता येत नाही. यादी म्हणजे प्रयोग कोठून सुरू करायचा याची दिशा. इव्होफोल्डने घडी वर्तवलेला एक तुकडा मात्र प्रसिद्धीस आला. चिंपांझी आणि कोंबडी यांच्यात ज्याच्या ११८ पैकी दोनच अक्षरांत फरक आहे, पण माणसात आल्यावर ज्यात १८ बदल झाले, तो एचएआर-१ हा आरएनए गर्भाच्या विकसित होणाऱ्या मेंदूच्या बाह्यावरणात तयार होतो.

येथे दोन कामांत फरक केला पाहिजे. नवे कुटुंब शोधणे जितके अवघड आहे, तितके ज्ञात कुटुंबातील नवे सदस्य शोधणे अवघड नाही, उलट तेथे पद्धती कमालीच्या भरवशाच्या आहेत. एडी आणि रिचर्ड डर्बिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली प्रतिरूपे कुटुंबाचा क्रम आणि घडी दोन्ही एकाच वेळी नोंदवतात: या जागी शक्यतो जी, या दोन जागा काहीही असोत पण जोडी जुळली पाहिजे, येथे एक-दोन अक्षरे जास्त चालतील. त्यांची गणिती चौकट भाषाशास्त्रातील व्याकरणाच्या सिद्धांतातून आली आहे. एकात एक वसलेली उपवाक्ये आणि एकात एक वसलेल्या जोड्या यांचा तार्किक साचा एकच आहे. टॉड लो आणि एडी यांच्या १९९७ च्या प्रोग्रॅमने याच आधारावर ट्रान्सफर आरएनएची ९९ टक्क्यांहून अधिक जनुके पकडली, आणि पंधरा अब्ज अक्षरांमागे त्याची चूक एकाहून कमी होती. २००३ पासून चालू असलेल्या आरफॅम या कोशात आज चार हजारांहून अधिक आरएनए कुटुंबांची अशी प्रतिरूपे आहेत आणि नवा जीनोम वाचला गेला की तो पहिल्यांदा त्यांच्यापुढून जातो.

नव्या कुटुंबांच्या शोधात सर्वांत भरघोस यश जिवाणूंमध्ये मिळाले, आणि ते मुख्यतः येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाच्या खाती आहे. जिवाणूंत काही जनुकांच्या आधी आरएनएचा एक घडीबंद तुकडा असतो, जो एखादा छोटा रेणू थेट पकडतो, आकार बदलतो आणि पुढचे जनुक चालू किंवा बंद करतो. त्याला रायबोस्विच म्हणतात, आणि २००२ मध्ये त्यांचे पहिले नमुने प्रयोगाने सिद्ध झाले. जिवाणूंचे जीनोम पुष्कळ आहेत, त्यांच्यात अंतर मोठे आहे आणि एकाच प्रकारच्या जनुकांच्या आधीचे तुकडे गोळा करता येतात. जोडीने झालेले बदल मोजायला याहून चांगली परिस्थिती नाही. या गटाने २०१० मध्ये जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि पर्यावरणातून घेतलेल्या डीएनएतून १०४ नव्या रचनाबद्ध आरएनएंचे उमेदवार एकदम जाहीर केले.

त्यांतील एक उमेदवार क्रक-बी या जनुकाच्या आधी आढळत असे. तो कोणता रेणू पकडतो, हे दोन वर्षांनी उलगडले: फ्लोराइड. आरएनए स्वतः ऋणभारित असतो आणि फ्लोराइडही ऋणभारित, त्यामुळे हे उत्तर कोणी आधी सुचवले असते तर ते अशक्य वाटले असते. रचना पाहिल्यावर दिसले, की तीन मॅग्नेशियम आयन मध्ये बसून फ्लोराइडला धरून ठेवतात. त्या जनुकाचे प्रथिन फ्लोराइड पेशीबाहेर काढते, हेही याच वाटेने कळले.

वाय-के-के-सी नावाच्या दुसऱ्या घडीची कथा अधिक लांबलेली आहे. ती २००४ मध्येच संगणकाने दाखवली होती. अनेक जिवाणूंत ती होती, तिच्यातील बदल जोडीने झालेले होते, ती रायबोस्विच असणार याबद्दल फारशी शंका नव्हती, पण ती काय पकडते हे दहा वर्षांहून अधिक काळ कोणालाही सांगता आले नाही. ज्या जनुकांच्या आधी ती असे, त्यांची नावे दिशाभूल करीत होती: काही युरियावर काम करणारी विकरे म्हणून नोंदवलेली, तर काही अनेक औषधे बाहेर टाकणारे वाहक म्हणून. २०१७ मध्ये उत्तर सापडले ते ग्वानिडीन, हा नायट्रोजनयुक्त छोटा रेणू. त्यानंतर त्या विकरांचे आणि वाहकांचे खरे लक्ष्यही ग्वानिडीनच असल्याचे दिसून आले. म्हणजे आरएनएच्या घडीने प्रथिनांच्या नोंदी दुरुस्त करून घेतल्या. घडीचा पुरावा भक्कम असेल, तर कार्य माहीत नसतानाही तिच्यावर विश्वास ठेवून थांबता येते.

याच्या उलट टोकाला मानवी पेशींतील लांब नॉन-कोडिंग आरएनए आहेत. सुमारे २,२०० अक्षरांचा हॉटेअर हा २००७ मध्ये वर्णिला गेला आणि त्याच्याविषयी अमाप लिहिले गेले. त्याच्या घडीचा सविस्तर नकाशाही रासायनिक प्रयोगांच्या आधाराने मांडला गेला. रिव्हास, क्लेमेंट्स आणि एडी यांनी २०१७ मध्ये जोडीने होणाऱ्या बदलांसाठी एक काटेकोर सांख्यिकीय चाचणी बनवली. प्रजातींच्या नात्यामुळे जेवढे बदल योगायोगानेच जुळलेले दिसतील, तेवढे ही चाचणी वजा करते. रायबोझोमल आणि ट्रान्सफर आरएनए या कसोटीवर सहज उतरले, पण हॉटेअर आणि एक्स गुणसूत्र मूक करणाऱ्या झिस्टचा तपासलेला भाग यांत टिकून राहिलेल्या घडीचा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ हे आरएनए निकामी आहेत असा मुळीच नाही. झिस्टचे काम तर निर्विवाद आहे. एखादा आरएनए ठरावीक घडीविनाही काम करू शकतो. प्रयोगात दिसलेली घडीही खोटी नसते, कारण प्रत्येक आरएनए दुमडतोच. ती घडी महत्त्वाची आहे का, एवढाच प्रश्न असतो आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

या चाचणीलाही मर्यादा आहे आणि तिच्या कर्त्यांनी २०२० मध्ये ती मोजण्याची रीत स्वतःच दिली. बदल जोडीने झाले का हे पाहायचे, तर मुळात बदल व्हायला हवेत. सस्तन प्राण्यांत जो तुकडा जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे, त्यात जोडीचे बदल नाहीत कारण कोणतेच बदल नाहीत, आणि अशा ठिकाणी चाचणीचे मौन हे नकार समजता येत नाही. जे आरएनए केवळ माणसात किंवा वानरकुळातच निर्माण झाले, त्यांच्यासाठी तर तुलनेला पुरेशा प्रजातीच मिळत नाहीत.

एकमेकींना छेदणाऱ्या जोड्यांचा प्रश्न मी आतापर्यंत बाजूला ठेवला होता. त्यांना स्यूडोनॉट म्हणतात आणि त्या दुर्मीळ नाहीत. करोनाविषाणूंना त्यांची विकरे बनवण्यासाठी तीन-तीन अक्षरांच्या वाचनाची चौकट एका अक्षराने सरकवावी लागते, ते काम अशीच एक घडी करते. नुसिनोव्ह यांची युक्ती येथे कोलमडते, कारण आतला आणि बाहेरचा भाग स्वतंत्र राहत नाही. सर्व प्रकारच्या स्यूडोनॉटसाठी उत्तम घडी काढणे गणिती दृष्ट्या अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे जीनोमव्यापी शोधात बहुतेक पद्धती त्यांच्याकडे सरळ काणाडोळा करतात.

प्रथिनांच्या रचनेत अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने जे केले, ते आरएनएसाठी अजून झालेले नाही. २०२२ च्या कॅस्प या रचना-भाकिताच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्यांदा आरएनएचा समावेश झाला, तेव्हा निव्वळ डीप लर्निंगवर चालणाऱ्या पद्धतींपेक्षा अनुभवी संशोधकांचा हात लागलेल्या पद्धती पुढे राहिल्या. शिकण्यासाठी उपलब्ध असलेल्या आरएनएच्या त्रिमित रचना प्रथिनांच्या तुलनेत अगदी थोड्या आहेत, आणि दुय्यम रचनांचे जे मोठे संच आहेत, त्यांत ट्रान्सफर आरएनए, रायबोझोमल आरएनए अशा मोजक्या कुटुंबांचाच भरणा आहे. अशा संचावर शिकलेली पद्धत त्याच कुटुंबांतील नव्या सदस्यांवर उत्तम गुण मिळवते आणि अपरिचित कुटुंब समोर आले की पुष्कळ खाली येते, हे अलीकडच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे. जीनोममध्ये नवे आरएनए शोधणाऱ्याला मात्र नेमके तेच कुटुंब हवे असते, जे शिकण्याच्या संचात नव्हते.